बाबांचा सापमान्या

बाबा पाखराला कधी बोट दाखवत नसत. कोवळ्या काकडीला बोट दाखवले की ती कुजते, असे आपल्याकडे मुलांना सांगतात. बाबांनी तो नियम सगळ्याच जिवंत गोष्टींना लावला होता. झुडपात पाखरू बसले असेल तर ते दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि हनुवटी किंचित पुढे काढत. आपण त्या रेषेत बघायचे. पहिले काही महिने मला त्या रेषेत नुसती करवंदीची जाळी दिसे. "नाय दिसला? चष्मा काढ नि बघ," बाबा म्हणत. मी चष्मा काढला की काहीच दिसत नसे, आणि त्यावर ते मनापासून हसत.

वेवजीच्या पलीकडे, गुजरातची हद्द लागायच्या अलीकडे एक टेकाड आहे. खाली भाताची खाचरे, वर गवताची वरकस जमीन, आणि मध्यावर बाबांचे कुडाचे घर. गावात त्यांना कुणी नावाने ओळखत नसे. 'टेकाडावरचा बाबा' म्हटले की पुरे. मी २०१४ साली तलासरी तालुक्यात कृषी सहायक म्हणून रुजू झालो. घर डहाणूला, पत्नी तिथल्याच शाळेत शिक्षिका. मी रोज मोटारसायकलने जाऊन येऊन करी. माझ्याकडे जी गावे होती त्यांत वेवजी होते, म्हणून बाबा भेटले. नाहीतर माझ्यासारख्या माणसाची आणि त्यांची गाठ पडायचे काही कारण नव्हते.

त्यांच्या बोलीत 'तुम्ही' नव्हते. मी साहेब होतो, पण 'सायब, तू कवा आलास' असा साहेब. पहिल्या दिवशी ते मला टोचले, हे कबूल करतो. पुढे एकदा ते आपल्या देवीशी बोलताना ऐकले. तिलाही ते 'तू'च म्हणत होते. तेव्हापासून टोचायचे थांबले.

आमची पहिली भेट भांडणाची होती. भात कापून झाले होते. बाबांच्या बांधावर आणि वरच्या गवतात मुंग्यांची वारुळे पाहून मी पुस्तकात वाचलेले सगळे ऐकवले. म्हटले, "बाबा, एवढ्या मुंग्या बऱ्या नाहीत. मी पावडर देतो, टाकून घ्या."

बाबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "मुंग्या मरतील?"

"एका दिवसात."

"मग तो काय खाल? तुझी पावडर खाल?"

तो कोण, हे मला कळेना. बाबांनी हात पाठीमागे घेतले आणि हनुवटी पुढे केली. वारुळाशेजारी झाडाच्या सालीचा एक तुकडा पडलेला होता. मी त्याच्याकडे पाहतच होतो, तेवढ्यात त्या सालीने एक उडी मारली.

ती मानमोडी होती. सुतारपक्ष्यांच्या कुळातला, पण सुतारासारखा एकही गुण नसलेला हा पक्षी. बुलबुलाहून जरासा लहान. अंगावर राखाडी, तपकिरी आणि काळ्या रेघांचे इतके बारीक काम की खडबडीत खोडावर बसला तर खोडच वाटावा. डोक्यापासून पाठीपर्यंत गडद पट्टा, डोळ्यातून मागे गेलेली काळसर रेघ, गळ्यावर पिवळसर झाक आणि तिच्यावर आडव्या नाजूक रेषा. शेपूट लांब आणि मऊ, म्हणून खोडाला टेकून उभे राहणे नाही. चोच लहान, म्हणून लाकूड फोडणे नाही. जमिनीवर टुणटुण उड्या मारत वारुळाशी जायचे, चिकट लांब जीभ आत सोडायची आणि मुंग्या, मुंग्यांची अंडी ओढून घ्यायची, एवढाच उद्योग. चाहूल लागली की जवळच्या झुडपात शिरून निश्चल बसायचे. उन्हाळा हिमालयात नि त्याच्याही पलीकडे काढून हा पक्षी थंडीत आपल्याकडे उतरतो.

हे सगळे मी नंतर वाचले. बाबांना ते न वाचता ठाऊक होते. मी म्हटले, "हा सुतारपक्षी आहे, बाबा." ते म्हणाले, "असल. पण सुतारकामाची हत्यारा घरी ठेवून आलाय. इथं पावना म्हणून येतो, पावना काय काम करतो?" बाबा त्याला सापमान्या म्हणत. भात कापून खाचरे मोकळी झाली की तो यायचा आणि उन्हे तापू लागली की जायचा. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे तो एकच होता आणि कित्येक वर्षे येत होता. मी पक्ष्यांचे आयुष्य वगैरे समजावू लागलो, तर म्हणाले, "तू पण दर वर्षी तोच येतोस का? नाय ना? थोडा म्हातारा होऊन येतोस. तसाच तो."

त्याच्यासाठी बाबांनी वरच्या अंगाचा एक कोपरा राखला होता. सगळ्या टेकाडाचे गवत कापून पेंढ्या बांधल्या जात, पण त्या चार-पाच वारुळांभोवती विळा लागत नसे. सून कुरकुरे, "तेवढ्यात अजून दहा पेंढ्या झाल्या असत्या." बाबा म्हणत, "पावन्याच्या ताटातला काढून विकशी काय?" सून मग मलाच साक्षीला घेई, "बघ सायब, म्हातारा पाखरांना सासर-माहेर करतो." मुलगा हद्दीपलीकडच्या कंपनीत पाळीवर जाई, त्यामुळे या भांडणात मी एकटाच पंच असे.

बाबा एके काळी त्या पट्ट्यातले नामांकित पाखरे धरणारे होते. उंबराचा चीक काढून तो तेलात आटवायचा, बांबूच्या बारीक काड्यांना माखायचा आणि त्या काड्या पाखरांच्या वाटेवर खोचायच्या. लावे, तितर, होले, जे चिकटेल ते चुलीवर. एकदा तरुणपणी काडीला सापमान्या अडकला. बाबांनी तो मुठीत धरला, तर त्याने मान लांब काढली आणि ती सापासारखी वळवत, पिळत, अगदी मागे नेत फुत्कार सोडला. डोळे अर्धे मिटलेले, जीभ बाहेर. "मी भ्यालो सायब. हात झटकला. थोडी पिसा गेली नि तो उडून गेला. बाय हसली, दोन दिस हसली." बाय म्हणजे त्यांची बायको. ती आजारी पडून वारली, मी येण्याच्या काही वर्षे आधी.

वारण्यापूर्वीच्या हंगामात तिने बाबांकडून एक शब्द घेतला होता. नवे भात घरात आले की ते आधी कणसरीपुढे ठेवतात. कणसरी म्हणजे धान्याची देवी. बायने त्या भाताची मूठ बाबांच्या हातात दिली आणि म्हणाली, आता पुरे झाला, पुन्हा चीक लावू नको. ती असे का म्हणाली, हे मी एकदा विचारले. बाबा म्हणाले, "पडून होती ना. उठता येत नव्हता. तिला म्हाईत झाला असल, चिकटून पडला की कसा वाटतो ते." त्यांनी शब्द दिला आणि पाळला. ही गोष्ट त्यांनी मला २०१५ च्या थंडीत सांगितली. म्हणजे पुढे मी जे केले ते अजाणतेपणी केले, असे म्हणायची सोय मला नाही.

टेकाडाचा वरचा भाग वनखात्याच्या कागदावर होता. पिढ्यानपिढ्या कसत असूनही बाबांच्या नावावर काही नव्हते. वनहक्काचा दावा दाखल होता आणि पडून होता. मी तो अर्ज पुन्हा लिहिला, पुरावे लावले, जुन्या माणसांचे जबाब घेतले, कार्यालयात खेपा घातल्या. ते माझे काम नव्हते. आवडीने केले, आणि आजही वाटते की आयुष्यात एवढे एक काम बरे केले. २०१६ च्या पावसाळ्यानंतर जमिनीचा पट्टा मिळाला. बाबांनी तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारले, "यात सापमान्याचा कोपरा आला ना?" आला, म्हटल्यावर त्यांनी कागद सुनेकडे दिला.

याच सुमारास मला फोटोचे वेड लागले होते. डहाणूत आम्ही दहा-बारा हौशी माणसे होतो. डॉक्टर, रेल्वेतले दोघे, चिकूच्या वाड्या असलेले काही जण. रविवारी फिरायचे, ग्रुपवर फोटो टाकायचे. मानमोडीचे बसलेले फोटो बऱ्याच जणांकडे होते. मान पिळतानाचा कुणाकडेच नव्हता, कारण तो पक्षी तसे सहसा संकटात सापडल्यावर, हाती लागल्यावरच करतो. मार्चमध्ये प्रदर्शन ठरले, आणि मी बोलून बसलो की तो फोटो मी आणीन.

बाबांना मी तीन वेळा विचारले. पहिल्यांदा त्यांनी थट्टेवारी नेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "बायला शब्द दिलाय." तिसऱ्यांदा ते पेंढ्या बांधत राहिले, आणि तेव्हा मी ते वाक्य उच्चारले. "बाबा, मी तुमच्यासाठी एवढ्या खेपा घातल्या. माझ्यासाठी तुम्ही एवढेही नाही करणार?"

मी आवाज चढवला नव्हता. उलट हसत म्हटले होते. बाबांनी हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाले, "हां. ते पण खरा हाय." पुढच्या रविवारी ये, एवढे सांगून ते घरात गेले.

जानेवारीतली सकाळ होती. बाबांनी चीक तयार ठेवला होता. सुनेला त्यांनी मुद्दाम माहेरी धाडले होते. वारुळाभोवती त्यांनी पाच काड्या खोचल्या, आणि खोचताना त्यांचे हात इतके सराईत चालत होते की मला कौतुक वाटले. तासाभराने पक्षी आला. दोन उड्या मारल्या, तिसरीला पंख काडीला लागला. तो फडफडला तशी दुसरी काडी लागली.

बाबांनी त्याला उचलून मुठीत धरले. आणि मग मी ते पाहिले. मान बाहेर आली, लांबली, वळली. इतकी वळली की ती पक्ष्याची आहे यावर विश्वास बसेना. फुत्कार ऐकू आला. मी गुडघ्यांवर बसून फोटो काढत सुटलो.

"सायब, झाला?"

"थांबा बाबा, उजेड इकडून घेऊ. जरा वळा."

"झाला?"

"आणखी एक. हात थोडा खाली घ्या."

"सायब, त्याचा काळीज लय उडतंय माझ्या हातात."

"झालंच, बाबा."

मी कॅमेरा खाली घेतला तेव्हा पक्ष्याने मान वळवणे थांबवले होते. मी म्हटले, "आता सोडून द्या."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. तो चेहरा मी विसरलेलो नाही. "सोडू कसा? पंखाला चीक हाय."

"मग काढा की तो. तुम्हाला माहीत असेल ना."

"मना धरायला येतो, सायब. धरलेला आम्ही कवा सोडला? खाल्लाय. सोडायचा कसा ते मना म्हाईत नाय."

इतक्या दिवसांत हे माझ्या डोक्यात आले नव्हते. त्यांच्याही आले नसावे, किंवा त्यांना वाटले असावे की साहेबाला ठाऊक असेल. एवढी इंग्रजी पुस्तके वाचणारा माणूस. आम्ही खोबरेल तेल लावले, चुलीतली राख लावली, चिंधीने पुसले. चीक सुटला, पण त्याबरोबर पंखाची लांब पिसेही सुटली. पक्षी जमिनीवर ठेवला तर तिरका होऊन पडे. बाबांनी त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवले आणि ते पानावर मुंग्यांची अंडी घेऊन आले. "जा तू," मला म्हणाले, "घरी वाट बघत असतील." मी गेलो. वाटेत तलासरीला चहा प्यायलो आणि कॅमेऱ्यात फोटो पाहिले. फोटो फार उत्तम आले होते.

पुढच्या रविवारी डालगे उपडे पडलेले होते, रिकामे. बाबा म्हणाले, "तिसऱ्या दिशी खायचा थांबला." कुठे पुरला, विचारले. "पुरला नाय. वारुळावर नेऊन ठेवला. एवढी वर्सा त्यानं तिथल्या मुंग्या खाल्ल्या." त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. कोरा चहा दिला. वालाच्या शेंगा बांधून दिल्या. मी 'वाईट झाले' म्हटले, त्यावर 'हां' म्हणाले.

फोटो प्रदर्शनात लागला. खाली मी लिहून दिले होते: 'मानमोडी, नैसर्गिक अधिवासात, वेवजी.' बाबांची मूठ फोटोच्या कडेला दिसत होती, ती मी संगणकावर कापून टाकली होती. पाखरू धरणे कायद्याने गुन्हा आहे, हे कारण मी स्वतःला दिले. पहिले बक्षीस मिळाले. माइकवर मला विचारले की हा क्षण कसा मिळाला. मी म्हणालो, "संयम ठेवला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा प्रदर्शनाच्या सभागृहाच्या दारात उभे होते. आमच्या तलासरी कार्यालयातल्या शिपायाने त्यांना बाजारात फोटोचे सांगितले होते, आणि ते बसने एकटे आले होते. धुतलेला सदरा घातला होता. चपला बाहेर काढून आत आले आणि थेट त्या फोटोपुढे उभे राहिले. आजूबाजूला आमचे डॉक्टर होते, आणखी लोक होते.  हे आता काय बोलतील, याचीच मला धास्ती होती.

त्यांनी फोटो जवळून पाहिला, मग खालच्या कडेवर नजर फिरवली. हळूच विचारले, "सायब, माझा हात कुठं हाय?"

मी म्हणालो, "मावला नाही, बाबा."

 बाबा माझ्या दंडाला हात लावून म्हणाले, "बरा केलास. बायला दिसायला नको."

त्यानंतर मी टेकाडावर जाणे कमी केले. काम निघाले की गावातून परत फिरे. २०१७ चे भात कापून झाले, आणि वेवजीच्या एकाने सांगितले की बाबा रोज सकाळी त्या कोपऱ्याशी बसतात, पण पाखरू आलेले नाही. ते ऐकल्यावर तर मी तिकडे फिरकलोच नाही. पुढच्या वर्षी माझी बदली कासा भागात झाली, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. हेही लिहायलाच हवे.

त्या वर्षीच्या थंडीत बाबांचे निरोप येऊ लागले. कधी जीपवाल्याबरोबर, कधी बाजाराला आलेल्या बाईबरोबर. 'टेकाडावरच्या बाबाने सांगितलाय, सायबाला म्हणावा येऊन जा.' दर वेळी मी 'हो' म्हटले. मला वाटे, दोन वर्षे पोटात ठेवलेले आता बाहेर येणार. म्हातारा थकला आहे, मरण्यापूर्वी मला तोंडावर विचारणार, की माझा शब्द का मोडायला लावलास.  चौथा निरोप आला तेव्हा मी निरोप्याला पाहून दुकानात शिरलो.

२०१९ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर कळले की बाबा गेले. तेव्हा मात्र गेलो, दिवस होऊन गेल्यावर. सून अंगणात भात पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवले, पाणी दिले, खाट ओढून दिली. मी कसेबसे विचारले, "बाबांनी निरोप पाठवले होते. काय काम होतं?"

"तुला म्हाईत नाय?" ती म्हणाली. "सापमान्या आला होता ना. दिवाळी सरली नि आला. तोच का दुसरा, देवाला म्हाईत. म्हातारा नाचायचा बाकी होता. पहिल्या दिशीच बोलला, सायबाला सांगा. सायबाच्या मनाला लागलाय, म्हणून येत नाय तो. एकदा येऊन बघल तर त्याच्या जिवाला बरा वाटल." तिने पदराने कपाळ पुसले. "रोज इचारी, निरोप पोचला का. शेवटी शेवटी उठवत नव्हता, तरी मना सकाळी बघायला धाडी. अजून हाय ना, सायब येईतो राहील ना, म्हणून. फाल्गुनात गेला तो. म्हातारा पण आठ दिसांनी गेला."

मी वर त्या कोपऱ्याकडे पाहू शकलो नाही. सून माझ्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, तिला फक्त जाणून घ्यायचे होते.

"सायब, तू का नाय आलास?"

खरे सांगायची ती वेळ होती. अंगणात आम्ही दोघेच होतो आणि ऐकणारे कुणी नव्हते. मी म्हणालो, "कामं फार होती."

"हां," ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतले. "म्हातारा पण तसाच बोलला. सायबाला कामा असतील."